काही चालू नसताना प्रोसेसर राबतोय? दोषी ड्रायव्हर पकडण्याची पद्धत

स्क्रीनवर एकही प्रोग्राम उघडा नाही, माऊसला हात लावलेला नाही, तरी पंखा घोंघावतोय आणि टास्क मॅनेजरमधला प्रोसेसरचा आकडा 25-30 टक्क्यांवरून खाली यायला तयार नाही. परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड या पट्ट्यातून असे संगणक माझ्याकडे नेहमी येतात. काही सेवा केंद्रांतले असतात, काही आडतीवरचे, काही नीट परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांचे लॅपटॉप. बहुतेकांवर आधीच कुणीतरी विंडोज मारलेलं असतं आणि चार दिवसांनी दुखणं परत उभं राहिलेलं असतं. त्यात आश्चर्य काही नाही. नवीन विंडोजवर त्याच पेनड्राइव्हमधला तोच जुना ड्रायव्हर (उपकरण आणि विंडोज यांना जोडणारं छोटं सॉफ्टवेअर) पुन्हा चढवला, तर दुसरं काय होणार?

म्हणून माझा आग्रह एकच आहे: आधी दोषी कोण ते नावानिशी शोधा, मगच मशीनमध्ये बदल करा. सेवा केंद्रासाठी तर हे फार महत्त्वाचं आहे. तिथे फॉरमॅट मारला की अंगठ्याचं मशीन, त्याची आरडी सर्व्हिस (आधारच्या पडताळणीसाठी लागणारं सॉफ्टवेअर), डिजिटल सहीचं डोंगल, प्रिंटर आणि स्कॅनर सगळं पहिल्यापासून बसवावं लागतं. पीकविम्याची मुदत संपत आलेली असताना बाहेर शेतकऱ्यांची रांग लागलेली असते आणि आत दिवसभर सेटिंग चालू असतं.

खालची पद्धत विंडोज 10 आणि 11 साठी आहे. मेनूची नावं विंडोजमध्ये इंग्रजीत दिसतात, ती इथे देवनागरीत लिहिली आहेत.

मशीन खरंच रिकामं आहे का?

पहिल्यांदा रीस्टार्ट करा. इथे रीस्टार्टच हवा, शटडाउन चालणार नाही. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप नावाची सोय असते. ती चालू असली की शटडाउन करताना विंडोज आपला गाभा (कर्नल) आणि ड्रायव्हरांची स्थिती डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तीच परत उचलतं. त्यामुळे रोज रात्री नेमाने मशीन बंद करणाऱ्याच्या संगणकातही अडकलेला ड्रायव्हर आठवडेच्या आठवडे तसाच अडकून राहू शकतो. रीस्टार्ट मात्र सगळं नव्याने चालू करतो. रीस्टार्टने दुखणं गेलं आणि काही दिवसांनी परत आलं, तर कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू' उघडून फास्ट स्टार्टअपची खूण काढा. ही खूण फिकी दिसत असेल तर वरच्या 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल'वर क्लिक करा.

रीस्टार्टनंतर पंधरा-वीस मिनिटं हात लावू नका. या वेळात विंडोज अपडेट, डिफेंडरचं (विंडोजमधल्याच अँटिव्हायरसचं) स्कॅन आणि सर्चची अनुक्रमणिका ही कामं उरकली जातात. जुनी हार्ड डिस्क आणि 4 जीबी रॅम असेल तर अर्धा तास द्या. अशा मशीनवर रॅम भरलेली असली की सिस्टीम ही प्रोसेस उगाच राबताना दिसते आणि दोष ड्रायव्हरवर येतो. म्हणून मेमरीचा आकडाही पाहा. तो 85-90 टक्क्यांवर असेल तर आधी रॅम वाढवा आणि एसएसडी टाका.

टास्क मॅनेजरमध्ये काय बघायचं?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. डीटेल्स या टॅबवर जाऊन सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करा, म्हणजे जास्त खाणारा वर येईल. सगळ्यात वर 'सिस्टीम आयडल प्रोसेस' 95 टक्के दाखवत असेल तर घाबरू नका. तो आकडा रिकाम्या वेळेचा आहे, जितका मोठा तितकं चांगलं. याच ओळीला व्हायरस समजून मशीन घेऊन आलेले लोक मी पाहिले आहेत.

आता परफॉर्मन्स टॅबमध्ये प्रोसेसरच्या आलेखावर उजवं क्लिक करून 'शो कर्नल टाइम्स' निवडा. आलेखात आणखी एक गडद पट्टा दिसू लागेल. एकूण वापरातला बहुतेक भाग त्या गडद पट्ट्याचा असेल तर काम विंडोजच्या गाभ्यात चाललं आहे, म्हणजे ड्रायव्हरवर संशय पक्का होतो. गडद पट्टा लहान असेल तर एखादा साधा प्रोग्राम राबतोय.

आकड्याची ठेवणही बोलते. मशीनला चार लॉजिकल प्रोसेसर असतील आणि वापर सतत 25 टक्क्यांच्या आसपास सपाट असेल, किंवा आठ असतील आणि वापर 12-13 टक्क्यांवर अडकला असेल, तर एकच थ्रेड (प्रोग्रामच्या कामाचा एक धागा) एका जागी गरगर फिरतोय असं समजा. वरखाली होणारा आकडा वेगळं सांगतो: कुठलं तरी उपकरण पुन्हा पुन्हा जोडलं-तुटलं जातंय, किंवा कुणीतरी ठरावीक वेळाने विचारणा करतंय.

वर कोण दिसतंय त्यावरून पुढची वाट ठरते. 'सिस्टीम' म्हणजे पीआयडी (प्रोसेसचा ओळख क्रमांक) 4 असलेली प्रोसेस वर असेल, तर एखाद्या ड्रायव्हरचा थ्रेड गाभ्यात बसून वेळ खातोय. 'सिस्टीम इंटरप्ट्स' वर असेल तर मामला हार्डवेअरच्या जवळचा आहे. प्रत्येक उपकरण प्रोसेसरचं लक्ष वेधण्यासाठी इंटरप्ट पाठवतं, जशी काउंटरवर कुणी घंटी वाजवावी. प्रोसेसर हातातलं काम सोडून आधी तिकडे बघतो. घंटी सतत वाजत राहिली की दुसरं काम होत नाही. निरोगी मशीनवर ही ओळ एक-दोन टक्क्यांच्या आतच असते. पाच टक्क्यांच्या वर कायम असेल तर कारण शोधायलाच हवं.

कधी या दोन्ही ओळी शांत असतात आणि तिसरंच नाव वर असतं. 'स्पूलएसव्ही' म्हणजे प्रिंटची रांग, तीत बहुधा एखादं प्रिंट अडकलेलं असतं. 'ऑडिओडीजी' म्हणजे आवाजाचा भाग. साउंड सेटिंगमधले एन्हान्समेंट बंद केले की तो पुष्कळदा शांत होतो. 'डब्ल्यूयूडीएफहोस्ट' मध्ये वरच्या थरातले ड्रायव्हर चालतात, उदाहरणार्थ सेन्सर, ठसा वाचणारी यंत्रं आणि मोबाइलची जोडणी. 'डब्ल्यूएमआय प्रोव्हायडर होस्ट' स्वतःहून राबत नाही, दुसरा कुणीतरी त्याला सारखं माहिती मागत असतो. तो कोण हे इव्हेंट व्ह्यूअरमध्ये मायक्रोसॉफ्ट, विंडोज, डब्ल्यूएमआय-अ‍ॅक्टिव्हिटी, ऑपरेशनल या वाटेने गेलं की कळतं. तिथल्या नोंदीत 'क्लायंट प्रोसेस आयडी' असतो. तो आकडा डीटेल्स टॅबमधल्या पीआयडीशी जुळवायचा.

आणि टास्क मॅनेजर उघडताक्षणी पंखा शांत होत असेल, बंद केला की पुन्हा घोंघावत असेल, तर ड्रायव्हरचा नाद सोडा. फुकटच्या अ‍ॅक्टिव्हेटरबरोबर आलेला मायनर (तुमच्या प्रोसेसरवर दुसऱ्यासाठी क्रिप्टो चलन कमावणारा चोरटा प्रोग्राम) असा लपतो. डिफेंडरचं ऑफलाइन स्कॅन चालवा.

आधी सगळं उपसा

सॉफ्टवेअर डाउनलोड करण्याआधी हा प्रयोग करा, कारण याला पैसा लागत नाही आणि अर्ध्या केसेस इथेच मिटतात. टास्क मॅनेजर उघडा ठेवून यूएसबीला लावलेलं सगळं एकेक करून काढा: अंगठ्याचं मशीन, डोंगल, वेबकॅम, प्रिंटर, स्कॅनर, यूएसबी हब, वायरलेस माऊसचा रिसीव्हर, यूपीएसची डेटा केबल. प्रत्येक वस्तू काढल्यावर दोन मिनिटं थांबा. आकडा एकदम पडला की दोषी सापडला. नंतर तीच वस्तू परत लावून आकडा चढतो का ते पाहा. हा उलटा तपास टाळू नका, नाहीतर योगायोगाला कारण समजून बसाल.

सेवा केंद्रात एक गोष्ट वारंवार दिसते. पाच-सहा उपकरणं एकाच स्वस्त हबवर टांगलेली असतात. हबला स्वतःचा अ‍ॅडॉप्टर नसतो, वीज पुरत नाही, आणि एखादं उपकरण दर काही सेकंदांनी तुटून परत जोडलं जातं. विंडोजचा तो 'टुंग' आवाज सारखा येत असेल तर हेच. हब बदला, अंगठ्याचं मशीन थेट मशीनच्या मागच्या पोर्टला लावा. ड्रायव्हर निर्दोष निघतो.

लॅपटॉपवर आणखी तीन गोष्टी करून पाहा. कार्ड रीडरमध्ये कार्ड असेल तर काढा. एअरप्लेन मोड लावून वायफाय आणि ब्लूटूथ थांबवा. चार्जरची पिन काढा आणि पुन्हा लावा. चार्जर काढल्याबरोबर 'सिस्टीम इंटरप्ट्स' खाली आलं तर ते लक्षात ठेवा, पुढे बायोसच्या (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरच्या) भागात त्याचा उपयोग आहे.

नाव कसं काढायचं?

उपसूनही आकडा हलला नाही, तर दोषी मशीनच्या आत आहे. यासाठी मी दोन साधनं वापरतो.

पहिलं प्रोसेस एक्सप्लोरर. मार्क रसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्स संचातलं हे साधन आहे. 2006 मध्ये मायक्रोसॉफ्टने तो संच विकत घेतला, त्यामुळे ते मायक्रोसॉफ्टच्याच संकेतस्थळावर फुकट मिळतं. दुसरीकडून उतरवू नका. 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करूनच उघडा, नाहीतर गाभ्यातलं काही दिसणार नाही. यादीत 'सिस्टीम'वर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, मग थ्रेड्स. सीपीयूच्या रकान्याने क्रम लावा आणि सगळ्यात वरच्या थ्रेडचा 'स्टार्ट अ‍ॅड्रेस' वाचा. तिथे डॉट एसवायएस असा शेवट असलेलं फाइलचं नाव दिसतं. एक मिनिट बघत राहा. क्षणभर वर येऊन जाणाऱ्याला सोडा, सतत वर बसलेल्याला धरा.

'सिस्टीम इंटरप्ट्स'चा त्रास असेल तर थ्रेड्सच्या यादीत तो दिसत नाही. तिथे दुसरं साधन, लेटन्सीमॉन, लागतं. ते चालू करून मशीन दहा मिनिटं रिकामं सोडा, मग ड्रायव्हर्स टॅबमध्ये डीपीसी आणि आयएसआरच्या रकान्यांनी क्रम लावा. आयएसआर म्हणजे इंटरप्ट आल्याबरोबर होणारं तातडीचं काम, डीपीसी म्हणजे त्यातलं थोडं पुढे ढकललेलं काम. मायक्रोसॉफ्टची ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना सूचना आहे की डीपीसी 100 मायक्रोसेकंदांपेक्षा आणि आयएसआर 25 मायक्रोसेकंदांपेक्षा जास्त चालू नये. एखादा ड्रायव्हर हजारो मायक्रोसेकंद घेताना दिसला किंवा त्याची संख्या बाकीच्यांच्या कैक पट धावत असली, की तोच तुमचा माणूस. लेटन्सीमॉनच्या पहिल्या पानावरचा लाल इशारा मात्र फार मनावर घेऊ नका. तो आवाज अडखळेल का एवढंच सांगतो, आपल्याला हवी ती माहिती ड्रायव्हरांच्या तक्त्यात असते.

दोन्हीकडे मिळालेल्या नावाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

नावामागचं नाव

इथे बरेच जण फसतात. यादीत वर दिसणारी फाइल पुष्कळदा मायक्रोसॉफ्टचीच असते, आणि ती फक्त मधली दलाल असते. 'एनडीआयएस' दिसलं तर खरा दोषी त्याच्या आधाराने चालणारा वायफाय किंवा लॅनचा ड्रायव्हर असतो, कधी अँटिव्हायरसची किंवा व्हीपीएनची जाळी. 'डब्ल्यूडीएफ01000' ही ड्रायव्हरांची सामायिक चौकट आहे, तिच्यावर कितीतरी उपकरणं उभी असतात. 'स्टोरपोर्ट' म्हणजे डिस्कचा मार्ग. डिस्क स्वतःच मरायला टेकली असेल तरी हे नाव वर येतं, म्हणून आधी डेटाची प्रत काढा. 'यूएसबीएक्सएचसीआय' म्हणजे यूएसबी, म्हणजे परत उपसण्याच्या पायरीकडे. 'डीएक्सजीकर्नल' ग्राफिक्स कार्डाकडे बोट दाखवतं. 'एसीपीआय' हे सगळ्यात चिवट नाव, त्याचा भाग वेगळा आहे.

अनोळखी नाव असेल तर सी ड्राइव्हमध्ये विंडोज, सिस्टीम32, ड्रायव्हर्स या फोल्डरमध्ये ती फाइल शोधा, प्रॉपर्टीज उघडा आणि डीटेल्समध्ये कंपनीचं नाव वाचा. कुठल्या उपकरणाची ती आहे हे डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या ड्रायव्हर टॅबवरच्या 'ड्रायव्हर डीटेल्स'ने पक्कं करता येतं.

एकेक बंद करून खात्री करा

विंडोजचं बटन आणि एक्स दाबून डिव्हाइस मॅनेजर उघडा. संशयित उपकरणावर उजवं क्लिक, 'डिसेबल डिव्हाइस', आणि आकडा पाहा. नाव सापडलेलं नसेल तर कार्ड रीडर, ब्लूटूथ, वायफाय, लॅन, कॅमेरा, ऑडिओ या क्रमाने एकेक बंद करून परत चालू करा. मी कार्ड रीडरपासून सुरुवात करतो, कारण लॅपटॉपमध्ये तो बहुधा कुणी वापरत नाही आणि त्याचा जुना ड्रायव्हर 'सिस्टीम'ला राबवताना मी अनेकदा पाहिला आहे. कुणाला लागत नसेल तर कायमचा बंद ठेवला तरी हरकत नाही.

डिस्क कंट्रोलर, प्रोसेसर, 'सिस्टीम डिव्हाइसेस' आणि यूएसबी रूट हब यांना हात लावू नका. रूट हब बंद केला की माऊस आणि कीबोर्ड दोन्ही जातात. दुसऱ्या गावचं मशीन एनीडेस्कवरून बघत असाल तर नेटवर्कचं उपकरण बंद करण्याआधी त्या बाजूला एक माणूस बसलेला असू द्या.

सेफ मोडची, म्हणजे मोजक्याच ड्रायव्हरांवर चालणाऱ्या विंडोजची, परीक्षाही घ्या. शिफ्ट दाबून ठेवून रीस्टार्ट करा, मग ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, आणि शेवटी 4. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू असलेल्या मशीनवर या वाटेने रिकव्हरी की मागितली जाऊ शकते, तेव्हा ती आधी मायक्रोसॉफ्ट खात्यातून लिहून घ्या. सेफ मोडमध्ये आकडा शून्याजवळ आला तर दोष नंतर बसवलेल्या एखाद्या ड्रायव्हरचा किंवा सर्व्हिसचा. तिथेही चढलेला राहिला तर हार्डवेअर किंवा बायोस.

आता दुरुस्ती

सुरुवातीला रीस्टोर पॉइंट बनवा, म्हणजे काही बिघडलं तर आधीच्या स्थितीत परतता येतं. मग त्रास केव्हापासून सुरू झाला ते आठवा. अपडेटनंतर सुरू झाला असेल तर डिव्हाइस मॅनेजर, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, 'रोल बॅक ड्रायव्हर'. ते बटन फिकं असेल तर जुना ड्रायव्हर शिल्लक नाही असं समजा.

नवा ड्रायव्हर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून, खालच्या चिकटपट्टीवरचा मॉडेल किंवा सर्व्हिस टॅग टाकून घ्या. डेस्कटॉप असेल तर मदरबोर्डच्या कंपनीकडून. 'एका क्लिकमध्ये सगळे ड्रायव्हर' देणारी पॅकं मी कुणालाच सुचवत नाही. ती अंदाजाने जवळपासचा ड्रायव्हर टाकतात, आणि अनेकदा दुखण्याचं मूळ तेच असतं. विंडोज 7 किंवा 8 च्या काळातलं मशीन वरच्यावर अपग्रेड करत 10 वर आणलेलं असेल, तर जुने ड्रायव्हर तसेच आत राहिलेले असतात. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, त्यामुळे या दिवसांत पुष्कळ मशीन 11 वर नेली जात आहेत आणि हा प्रश्न पुन्हा डोकं वर काढतोय.

कंपनीने नवा ड्रायव्हर काढणंच सोडलं असेल तर मायक्रोसॉफ्टचा साधा ड्रायव्हर वापरून पाहा. 'अपडेट ड्रायव्हर', 'ब्राउज माय कॉम्प्युटर', 'लेट मी पिक' या वाटेने यादी येते. ऑडिओसाठी तिथला 'हाय डेफिनिशन ऑडिओ डिव्हाइस' बहुतेक वेळा नीट चालतो. एखादा खास इफेक्ट जाईल, पण आवाज येईल आणि पंखा शांत होईल.

जुना ड्रायव्हर काढताना 'अनइन्स्टॉल डिव्हाइस'च्या चौकटीत ड्रायव्हरही काढून टाकण्याची खूण असते, ती करा. ती राहिली तर विंडोज आपल्या साठ्यातून तोच ड्रायव्हर परत बसवतं. विंडोज अपडेट तोच परत आणत असेल तर सिस्टीम प्रॉपर्टीजच्या हार्डवेअर टॅबमधल्या 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज'मध्ये 'नो' करा. प्रो आवृत्तीत ग्रुप पॉलिसीतून अपडेटमधले ड्रायव्हर वगळता येतात.

अंगठ्याच्या मशीनचं थोडं वेगळं आहे. ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि त्यांच्या आवृत्त्या एकमेकींना जुळाव्या लागतात. एका केंद्रात दोन कंपन्यांची मशीनं आलटून पालटून वापरलेली असतात, जुनं मशीन कपाटात गेलेलं असतं, पण त्याची सर्व्हिस सतत ते शोधत असते. सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन जुन्याची सर्व्हिस थांबवा. आकडा पडला तर ती नीट अनइन्स्टॉल करा. हे काम दुपारी रांग ओसरल्यावर करा, सकाळी नाही.

एसीपीआय, ऊन आणि बायोस

एसीपीआय म्हणजे वीज, बॅटरी, तापमान आणि लॅपटॉपचं झाकण यांबद्दल विंडोज आणि मदरबोर्ड यांच्यातली बोलणी. तो ड्रायव्हर वर दिसला तर खालून कुणीतरी सारखी सूचना पाठवतंय. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42-43 वर जातो, पत्र्याखालचं दुकान त्याहून तापतं आणि पंख्याच्या जाळीत धूळ घट्ट बसलेली असते. अशा वेळी तापमानाच्या सूचनांचा मारा सुरू होऊ शकतो. म्हणून आधी पंखा आणि हीट सिंक साफ करून थर्मल पेस्ट बदला. मूळ वॅटचा चार्जर वापरा. डिव्हाइस मॅनेजरच्या बॅटरीज विभागातून 'मायक्रोसॉफ्ट एसीपीआय-कंप्लायंट कंट्रोल मेथड बॅटरी' अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा. विंडोज ती स्वतःच पुन्हा बसवतं. चार्जर काढल्यावर आकडा पडत असेल तर हा उपाय जरूर करा.

यातूनही भागलं नाही तर बायोस अपडेट. एसीपीआयचे तक्ते बायोसमध्येच असतात, त्यामुळे त्यातली चूक कंपनी बायोसमधूनच सुधारते. पण बायोस लिहिताना लाइट गेली तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. लॅपटॉपची बॅटरी किमान अर्धी भरलेली आणि चार्जर लावलेला असू द्या. बॅटरी मेलेल्या लॅपटॉपवर हा प्रयोग करूच नका. डेस्कटॉप यूपीएसवर घ्या आणि त्या दिवशीचं भारनियमनाचं वेळापत्रक बघून वेळ ठरवा. बिटलॉकर असेल तर तो आधी 'सस्पेंड' करा. मॉडेल तंतोतंत जुळतंय ना, हे दोनदा तपासा.

बायोसही नवा, पंखाही साफ, सेफ मोडमध्येही आकडा चढलेलाच, तर आतला चार्जिंग पोर्ट, कीबोर्ड, टचपॅड किंवा मदरबोर्ड बिघडल्याची शक्यता धरावी लागते. इथून पुढे मशीन उघडून एकेक केबल काढून बघावी लागते, ते काम कारागिराकडे द्या. देताना त्याला फक्त 'स्लो झालंय' सांगू नका. ड्रायव्हरच्या नावाचा फोटो, सेफ मोडमधला आकडा, आणि चार्जर काढल्यावर काय होतं, एवढं सांगा. तरीही तो थेट विंडोज मारायचं म्हणाला, तर या तिन्हींचं कारण त्याला आधी विचारा.